चर्टच्या एकाच तुकड्यात एक डावा आणि एक उजवा शंख : हा जीवाश्म कोणता असावा?

गारगोटी (पुणे) – प्रश्न

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मी सावनेर तालुक्यातील आमच्या गावी गेले होते. नागपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, छिंदवाड्याच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या या भागातली जमीन काळी आणि खोल आहे. नांगरटीत वर येणारे दगड शेतकरी वेचून धुऱ्यावर, म्हणजे पुण्याकडे आपण ज्याला बांध म्हणतो त्यावर, टाकतात. लहानपणापासून मी या ढिगांमधून गारगोट्या आणि अकीक वेचत आले आहे, आणि पुण्यात स्थायिक झाल्यावरही ती सवय सुटलेली नाही. यंदा मात्र गारगोटी समजून उचललेल्या एका दगडात मला शंख दिसला, आणि पुण्याला परत येऊन तो धुऊन नीट पाहिल्यावर एक नव्हे, दोन शंख दिसले.

दगड तळहातात मावेल एवढा असून वजन ४१० ग्रॅम भरले. बाहेरची साल पिवळसर पांढरी आणि थोडी खडबडीत आहे. फुटलेल्या कडेला आतला रंग काळपट राखाडी दिसतो, आणि तिथली धार इतकी तीक्ष्ण आहे की धुताना माझ्या अंगठ्याला कापले. भाजी चिरण्याच्या सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही; उलट सुरीचे पोलादच घासले जाऊन दगडावर करडी रेघ उमटते. एका कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून दहा मिनिटे पाहिले, पण बुडबुडे आले नाहीत. यावरून हा चर्ट, म्हणजे सिलिकाचा कठीण, बारीक कणांचा दगड, असावा असे मला वाटते.

दगडाच्या एका बाजूला शंखाचा उंचवटा आहे. त्याची लांबी ३२ मिलिमीटर आणि रुंदी १९ मिलिमीटर आहे. शेवटचा वेढा खूप मोठा आणि फुगीर असून टोकाकडचे तीन वेढे त्यामानाने अगदी लहान आहेत. शंखाचे तोंड दगडात रुतलेले असल्यामुळे दिसत नाही. दगडाच्या मागच्या बाजूला शंखाच्याच आकाराचा खळगा आहे. त्याची लांबी २७ मिलिमीटर आणि रुंदी १२ मिलिमीटर, म्हणजे आकार पहिल्यापेक्षा सडपातळ आहे. खळग्याच्या तळाशी वेढ्यांमधल्या सांध्याच्या रेषा स्पष्ट उमटलेल्या आहेत.

माझी अडचण येथून सुरू होते. शंखाचे टोक वर धरून समोरून पाहिले, तर उंचवट्यावरच्या सांध्याच्या रेषा डावीकडे वर चढतात आणि खळग्यातल्या रेषा उजवीकडे वर चढतात. म्हणजे एक शंख डावा आणि दुसरा उजवा झाला. एकाच दगडात दोन वेगळ्या प्रकारच्या गोगलगायी आहेत असे समजावे, की माझ्या पाहण्यात काही चूक होत आहे? गावी आमच्या आत्याबाईंनी तो उंचवटा पाहून ‘हा दक्षिणावर्ती आहे, देव्हाऱ्यात ठेव’ असे सांगितले, त्यामुळे डावा कशाला म्हणायचे आणि उजवा कशाला, याचाही मला नीट उलगडा झालेला नाही. फोटो जोडले आहेत, शेजारी मोजपट्टी ठेवलेली आहे. वंश आणि जाती सांगता आली तर फार आनंद होईल; न आल्यास निदान शोध कोणत्या दिशेने घ्यावा, हे तरी कृपया सांगावे.


काळा कातळ – उत्तर

ताई, मी गेली अनेक वर्षे पुण्याच्या आसपासच्या खाणींतून झिओलाइट, म्हणजे कातळाच्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिकरूप खनिजे, गोळा करतो. हा दगड तुम्हाला पुणे परिसरातल्या एखाद्या दगडखाणीत सापडला असता, तर तो जीवाश्म असण्याबद्दल मी प्रथम शंकाच घेतली असती. आपल्याकडचा कातळ लाव्हा थिजून तयार झालेला आहे. बेसाल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा तो अकराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला असतो, त्यामुळे त्याच्या पोटात गोगलगायीचे कवच टिकून राहण्याचा प्रश्नच येत नाही. लाव्ह्यात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्यांमध्ये नंतर अकीक, कॅल्साइट, स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी खनिजे भरतात, आणि अकिकाचे गोलाकार पट्टे कधी कधी हुबेहूब शंखासारखे दिसतात. वाघोलीच्या खाणीत कॅव्हॅन्साइट या निळ्या खनिजाच्या शोधात फिरताना मला असाच एक ‘शंख’ मिळाला होता, आणि दोन वर्षे मी तो खरा समजून जपला. शेवटी एका अभ्यासकाने त्याचे पट्टे मोजून दाखवले. ते एकात एक बसलेली बंद वर्तुळे होते. शंखाचा वेढा टोकापासून तोंडापर्यंत सलग फिरत जातो, तो कुठेही स्वतःला येऊन मिळत नाही.

तुमच्या फोटोतली रेषा मात्र सलग फिरताना दिसते, आणि दगडही पोकळीत भरलेला अकीक वाटत नाही. त्यामुळे माझी शंका येथेच संपते. पुढचे जाणकारांनी सांगावे.


भिंग – उत्तर

गारगोटी ताई, आपण माप, वजन, कठिणपणा आणि सापडण्याची जागा इतक्या नेटकेपणाने दिली आहे की उत्तर देणाऱ्याचे अर्धे काम आपणच केले आहे. आपला दगड चर्ट आहे आणि त्यातील शंख खरे आहेत, याबद्दल मला शंका वाटत नाही. काळा कातळ यांनी जे सांगितले तेही बरोबर आहे, पण त्यात एक भर घालावी लागेल.

दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकांमध्ये मधून मधून खंड पडत असे. थिजलेल्या लाव्ह्यावर पाणी साचून उथळ तळी होत, त्यांत वनस्पती वाढत, गोगलगायी आणि शिंपले राहत, आणि तळाशी गाळ बसत असे. मग पुढचा लाव्हा येऊन ते सगळे झाकून टाकी. दोन प्रवाहांमध्ये दबलेल्या या गाळाच्या थरांना भूशास्त्रात इंटरट्रॅपियन थर म्हणतात. पाण्यात विरघळलेली सिलिका गाळात मुरत गेल्याने अनेक ठिकाणी त्या गाळाचा चर्ट झाला, आणि चर्ट बेसाल्टपेक्षा सावकाश झिजत असल्याने कातळाची माती झाली तरी त्याचे तुकडे मातीत टिकून राहिले. आपल्या गावच्या धुऱ्यावर येऊन पडतात ते हेच तुकडे. पुणे परिसरात असे थर सहसा पाहायला मिळत नाहीत. नागपूर, छिंदवाडा, यवतमाळ, चंद्रपूर या पूर्वेकडच्या पट्ट्यात ते अधिक आढळतात. आपल्या गावापासून जवळच असलेले मोहगावकलान हे गाव तर अशा चर्टमधल्या वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे, आणि वनस्पती-जीवाश्मांचे नामवंत अभ्यासक बिरबल साहनी यांनी तेथील वनस्पतींचा अभ्यास केलेला आहे.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येतो. दगडात शंख दिसला की त्याचे नाव शोधण्याआधी आपण नेमके काय पाहत आहोत हे ठरवावे लागते, कारण एकच गोगलगाय दगडात तीन रूपांनी उरू शकते. पहिले रूप म्हणजे प्रत्यक्ष कवच, ज्याच्या मूळ चुन्याची जागा बहुधा सिलिकाने घेतलेली असते. दुसरे रूप म्हणजे गाभा : रिकाम्या कवचात गाळ भरला, तो कठीण झाला आणि नंतर कवच विरघळून गेले, की आतला भराव तेवढा उरतो. तिसरे रूप म्हणजे ठसा : कवचाभोवतीचा गाळ कठीण झाला, कवच नाहीसे झाले आणि त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाची छाप खळग्यात राहिली. कवच आणि गाभा यांच्या वेढ्यांची दिशा मूळ प्राण्याचीच असते. ठशाचे मात्र रबरी शिक्क्यासारखे असते. शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात आणि कागदावर उमटल्यावर सुलटी होतात. त्याच न्यायाने डाव्या शंखाचा ठसा पाहणाऱ्याला उजवा दिसतो. आपल्या दगडावरचा उंचवटा गाभा किंवा कवच आहे आणि मागचा खळगा ठसा आहे. त्यामुळे दोन्हीकडच्या रेषा विरुद्ध दिशांना चढताना दिसणे हे दोन प्रकारच्या गोगलगायी असल्याचे लक्षण नाही, दोन्ही शंख डावेच असण्याची शक्यता मोठी आहे.

याची खात्री घरीच करता येईल. खळग्यात टाल्कम पावडरीचा अगदी पातळ थर फुंकावा, मुलांच्या खेळण्यातल्या मऊ प्लॅस्टिसिनचा गोळा त्यात हलक्या हाताने दाबावा आणि सरळ वर उचलावा. मिळालेल्या उठावावर सांध्याच्या रेषा कोणत्या बाजूला चढतात ते पाहावे. तुलनेसाठी घरातला कोणताही साधा स्क्रू उभा धरून शेजारी ठेवावा. नेहमीच्या स्क्रूचे आटे उजवीकडे वर चढतात, आणि उजव्या शंखाच्या सांध्याच्या रेषाही तशाच चढतात. रेषा आट्यांच्या उलट चढत असतील तर शंख डावा. या पद्धतीचा मोठा फायदा असा की तोंड दगडात रुतलेले असले तरी चालते, आणि शंख उलटा धरला गेला तरी फसगत होत नाही, कारण स्क्रू उलटा धरला म्हणून त्याच्या आट्यांची दिशा बदलत नाही.

आत्याबाईंच्या म्हणण्याचा उलगडाही येथेच होतो, आणि तो करणे मला आवश्यक वाटते, कारण या नावांमुळे अनेकांचा गोंधळ होतो. प्राणिशास्त्रात शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे ठेवून पाहतात. तोंड उजव्या हाताला आले तर शंख उजवा, डाव्या हाताला आले तर डावा. पूजेच्या परंपरेत शंख उलट्या बाजूने, म्हणजे निमुळती पन्हळ वर करून पाहिला जातो. त्यामुळे परंपरेने ज्याला दक्षिणावर्ती म्हटले आहे तो दुर्मीळ शंख प्राणिशास्त्राच्या भाषेत डावा ठरतो, आणि नेहमीचा वामावर्ती शंख उजवा ठरतो. म्हणून आत्याबाईंनी पाहिलेले वळण आणि आपण पाहिलेले वळण एकच आहे, फक्त शब्द वेगळे आहेत. फरक एवढाच की पूजेचा शंख समुद्रातला आहे आणि त्या जातीत डावे वळण क्वचित सापडते, तर आपल्या दगडातली गोगलगाय गोड्या पाण्यातली आहे आणि तिच्या साऱ्या कुळाचे वळणच डावे आहे.

हे कूळ म्हणजे फायसा. मोठा फुगीर शेवटचा वेढा, आखूड टोक, डावे वळण आणि सापडण्याची जागा ही चारही लक्षणे जुळत असल्यामुळे माझ्या मते हा फायसा प्रिन्सेपी असावा. सॉवर्बी या इंग्रज शंखअभ्यासकांनी १८४० मध्ये, माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागातून गोळा केलेल्या जीवाश्मांवरून या जातीचे वर्णन केले. अलीकडच्या लेखनात तीच जाती प्लॅटिफायसा या वंशात ठेवलेली आढळेल. नागपूरला राहून स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी टाकळी आणि आसपासच्या भागांतून हे शंख मोठ्या प्रमाणात गोळा केले, आणि हिस्लॉप यांनी १८६० मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हेच हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन दफनांचे उत्खनन पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. आज टाकळी नागपूर शहरात सामावली गेली आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांना शेताच्या धुऱ्यावर मिळणारे तुकडे अधिकच मोलाचे आहेत.

घरात मासे पाळण्याची काचेची टाकी असेल तर तिच्या काचेवर आतून चिकटलेल्या बारीक तपकिरी गोगलगायी भिंगाने पाहाव्यात. त्यांपैकी ज्यांचे तोंड डावीकडे आहे त्या बहुधा आजच्या फायसा कुळातल्या असतात. त्या सेंटिमीटरभर लांबीच्या असतात, आपला नमुना त्यांच्या तिप्पट आहे, पण घडण ओळखू येण्याइतकी सारखी आहे. ही गोगलगाय हवेतून श्वास घेते, म्हणून ती उथळ, संथ आणि वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहते. आपल्या दगडाचा गाळ ज्या तळ्यात साचला, तेही तसेच असले पाहिजे.


नदीकाठ – उत्तर

भिंग यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण खळग्याबद्दल इतक्या लवकर मत बनवू नये असे वाटते. याच थरांत लिम्निया नावाची गोगलगायही सापडते. ती सडपातळ असते, तिचे टोक उंच आणि अणकुचीदार असते, आणि तिचे वळण उजवे असते. याशिवाय गोल फुगीर वेढ्यांची व्हिव्हिपॅरस ही गोगलगाय आणि युनिओ जातीचे शिंपलेही या चर्टमध्ये असतात. ताईंनी खळग्याची दिलेली मापे पाहता तो शंख पहिल्यापेक्षा बराच सडपातळ आहे. तो ठसाच असेल आणि ठशात रेषा उजवीकडे चढत असतील, तर मूळ शंख डावा ठरतो हे मान्य. परंतु फोटो फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला असेल तर काही फोन प्रतिमा आरशासारखी उलटी साठवतात, आणि मग फोटोवरून केलेला सगळा विचार उलटा पडतो. मोजपट्टीवरचे आकडे फोटोत इतके अंधुक आहेत की ते सुलटे आहेत की उलटे, हे मला ठरवता आले नाही. म्हणून प्लॅस्टिसिनचा उठाव घेतल्यावर तो डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहूनच निर्णय करावा, आणि पुढच्या फोटोत छापील अक्षरांचा कागद शेजारी ठेवावा.

पुणेकर वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. मुळा-मुठा, भीमा, घोड या नद्यांच्या काठांवर जुन्या गाळाच्या ज्या उंच दरडी आहेत, त्यांतही शंख-शिंपले मिळतात. ते पांढरे, खडूसारखे, हलके असतात आणि त्यांवर आम्लाचा थेंब टाकला की फसफसतात. आज नदीत राहणाऱ्या गोगलगायींचेच ते जुने अवशेष आहेत आणि त्यांचे वय हजारो वर्षांत मोजायचे असते, कोटींत नव्हे. ते स्वतंत्र ठेवावेत. चर्टमधल्या शंखांबरोबर एका डबीत टाकू नयेत.


गारगोटी (पुणे) – पुन्हा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात बसून सगळे पुन्हा पाहिले.

फोटो मागच्या कॅमेऱ्यानेच काढलेले होते. यावेळी शेजारी वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून पुन्हा काढून जोडले आहेत. खळग्यात पावडर फुंकून प्लॅस्टिसिन दाबले. पहिला उठाव टोकाजवळ तुटला. दुसऱ्या वेळी गोळा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून किंचित घट्ट केला आणि मग दाबला, तेव्हा पूर्ण शंख बाहेर आला. तो हातात घेतला तेव्हा मला जे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. इतके दिवस ज्या खळग्यात मी फक्त पोकळी पाहत होते, त्यातून हिरव्या प्लॅस्टिसिनची एक पूर्ण गोगलगाय माझ्या तळहातावर आली, आणि तिच्या अंगावर वाढीच्या बारीक उभ्या रेषाही उमटलेल्या होत्या. उंचवट्यावर अशा रेषा मुळीच नाहीत, तो गुळगुळीत आहे, आणि वेढ्यांच्या सांध्याशी नखाचे टोक जाईल एवढी फट आहे. यावरून उंचवटा हा गाभा असून ती फट विरघळून गेलेल्या कवचाची जागा आहे असे मी समजते. चुकत असल्यास सांगावे.

दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू काढून शेजारी उभा धरला. स्क्रूचे आटे उजवीकडे चढतात; उंचवट्याच्या रेषा डावीकडे चढतात आणि प्लॅस्टिसिनच्या शंखाच्या रेषाही डावीकडेच चढतात. म्हणजे दोन्ही शंख डावे आहेत. नदीकाठ यांनी सुचवलेली लिम्निया यामुळे बाजूला पडते, असे म्हणता येईल का? सडपातळपणाचा प्रश्न मात्र उरतोच.

फुटलेली कड पाण्याने ओली करून दहापटीच्या भिंगाखाली पाहिली. तिथे मला आणखी एक गोष्ट दिसली, जी कोरड्या दगडावर दिसली नव्हती. काळपट दगडात फिकट रंगाचे, डाळीच्या दाण्यासारख्या आकाराचे पण मिलिमीटरपेक्षाही लहान असे पुष्कळ ठिपके आहेत. काहींच्या मधोमध बारीक चीर दिसते, जणू दोन वाट्या एकमेकींवर मिटलेल्या आहेत. हे काय असावे?


भिंग – उत्तर

उत्तम निरीक्षण. गाभा आणि फट यांबद्दल आपण केलेला तर्क बरोबर आहे, त्यात काही दुरुस्ती सुचवायची नाही. एवढेच लक्षात ठेवावे की गाभ्याचे माप मूळ शंखापेक्षा कवचाच्या जाडीएवढे कमी भरते, म्हणून ३२ मिलिमीटर ही गाभ्याची लांबी आहे असे नोंदीत स्पष्ट लिहावे.

भिंगाखाली दिसलेले मिटलेल्या वाट्यांसारखे दाणे बहुधा ऑस्ट्रॅकॉड आहेत. ते दोन झडपांच्या कवचात राहणारे, कोळंबी-खेकड्यांच्या मोठ्या गटातले सूक्ष्म जलचर आहेत आणि इंटरट्रॅपियन चर्टमध्ये ते विपुल असतात. त्यांची जाती भिंगाने ठरत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि त्या विषयाचा तज्ज्ञ लागतो. पण एका दगडात डाव्या गोगलगायी आणि ऑस्ट्रॅकॉड एकत्र असणे गोड्या पाण्याच्या तळ्याशी पूर्ण जुळते.

सडपातळपणाबद्दल सांगायचे तर फायसा प्रिन्सेपीचे रूप एकसारखे नाही. हिस्लॉप यांनीच तिच्यात फुगीर आणि लांबट असे भेद नोंदवलेले आहेत. शिवाय ठसा शंखाच्या एकाच बाजूचा असतो आणि त्याची रुंदी खळगा किती उघडा पडला आहे यावर अवलंबून असते. आपल्या खळग्याची एक कड तुटलेली दिसते, म्हणून १२ मिलिमीटर ही रुंदी कमीत कमी मानावी. तेवढ्यावरून दुसरी जाती कल्पिण्याचे कारण मला दिसत नाही. आणि हो, डावे वळण सिद्ध झाल्यावर लिम्निया बाजूला पडते, हे नदीकाठही मान्य करतील.


नदीकाठ – उत्तर

मान्य आहे. प्लॅस्टिसिनच्या उठावाचा फोटो पाहिला. वर्तमानपत्राची अक्षरे सुलटी आहेत आणि शंख डावा आहे. तरीही जातीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे असे मी सुचवतो, कारण शंखाचे तोंड दोन्हींत दिसत नाही, आणि तोंडाचा आकार व आतल्या ओठाची घडी पाहिल्याशिवाय जाती पक्की म्हणू नये. तोंड मोकळे करण्यासाठी दगड फोडण्याचा मोह मात्र कृपया टाळावा. चर्ट आपल्याला हवा तसा फुटत नाही, काचेसारखा वाटेल तिकडे तडकतो.


काळा कातळ – उत्तर

नदीकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला माझा अनुभव जोडतो. काही वर्षांपूर्वी यवतमाळकडच्या एका परिचिताने मला याच प्रकारचा, तीन शंख असलेला चर्टचा तुकडा भेट दिला होता. तो अधिक उठावदार दिसावा म्हणून मी दगड घासून चकाकी देणाऱ्या एका कारागिराकडे दिला. परत आला तेव्हा दगड आरशासारखा चमकत होता, पण गाभ्यांचे वरचे वेढे घासून सपाट झाले होते आणि शंखांच्या जागी फक्त आडवे छेद उरले होते. त्याहून वाईट म्हणजे गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्या दुकानात राहून हरवली. तो परिचित आता हयात नाही, आणि दगड नेमका कुठला हे सांगणारे दुसरे कोणी उरलेले नाही. तो दगड आजही माझ्याकडे आहे, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोल राहिलेले नाही, आणि त्याचे मला आजही फार वाईट वाटते.

म्हणून ताई, दगडाला तेल, व्हार्निश, मेण काहीही लावू नका. जुना मऊ टूथब्रश आणि साधे पाणी पुरे आहे. दगडाच्या ज्या बाजूला जीवाश्म नाही तिथे पांढऱ्या रंगाचा नखाएवढा ठिपका द्या, वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहा, आणि तोच क्रमांक वहीत व डबीतल्या चिठ्ठीवर लिहा. गावाचे नाव, शेत कोणत्या बाजूला आहे, दगड धुऱ्यावर मिळाला की जमिनीत होता, तारीख आणि उचलणाऱ्याचे नाव एवढे तरी हवेच. धुऱ्यावरचा दगड मूळ थरातून सुटून आलेला असतो, म्हणून ‘मूळ जागी नाही’ असे आवर्जून लिहा. पुढे कधी दाखवायचा झाल्यास पुण्यात विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आणि आघारकर संशोधन संस्था ही विचारण्याजोगी ठिकाणे आहेत. दगड घेऊन थेट जाण्यापेक्षा आधी फोटो आणि ही सर्व मापे पत्राने पाठवणे बरे.


गारगोटी (पुणे) – पुन्हा

काल संध्याकाळी क्रमांक घातला. आत्याबाईंना फोन करून शेताची नेमकी जागा विचारून घेतली. दगड विहिरीच्या वरच्या अंगाच्या धुऱ्यावरचा आहे आणि त्या पट्ट्यात असे ‘शंखाचे दगड’ त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून निघतात, असे त्या म्हणाल्या. दक्षिणावर्तीचा खुलासाही त्यांना वाचून दाखवला. तो त्यांनी शांतपणे ऐकला आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा उरलेला ढीग आपण दोघी मिळून पाहू, असे सांगितले.

डबीतली चिठ्ठी अशी लिहिली आहे. काही राहिले असल्यास कळवावे.

क्रमांक १७. चर्ट, इंटरट्रॅपियन. सावनेर तालुका, जिल्हा नागपूर; विहिरीच्या वरच्या अंगाचा धुरा, मूळ जागी नाही. अ : गाभा, लांबी ३२, रुंदी १९ मिलिमीटर, डावा. आ : ठसा, लांबी २७, रुंदी किमान १२ मिलिमीटर, प्लॅस्टिसिनचा उठाव घेऊन पाहिला, डावा. दोन्हींचे तोंड दिसत नाही. फायसा प्रिन्सेपी (?). कडेला ऑस्ट्रॅकॉड (?).